उंची किती हवी? शरीराची मर्यादा आणि मनाची मर्यादा

वाढ पूर्ण झालेल्या माणसाची उंची वाढवता येते का? आज याचे उत्तर ‘हो’ असे आहे. बेंगळुरू, हैदराबाद, दिल्ली, मुंबई अशा शहरांत पायाची हाडे लांब करण्याची शस्त्रक्रिया होते. ज्यांच्या पायात कोणताही दोष नाही, असे तरुणही आता तिच्याकडे वळू लागले आहेत. ‘किती सेंटिमीटरपर्यंत सुरक्षित?’ असे ते डॉक्टरांना विचारतात. प्रश्न वैद्यकीय आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. ‘पुरे’ कधी म्हणायचे आणि ते कोणी म्हणायचे?

आधी ही विद्या समजून घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात सायबेरियातील कुर्गान येथे गावरिल इलिझारोव हे डॉक्टर न जुळणाऱ्या हाडांवर उपचार करत होते. कापलेल्या हाडाची दोन टोके अगदी सावकाश दूर नेली, तर मधल्या फटीत शरीर स्वतःच नवे हाड तयार करते, हे त्यांनी दाखवून दिले. वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तोही एकदम नव्हे, तर पाव-पाव मिलिमीटर असा चार वेळा. घाई केली तर हाड भरून येत नाही. फार रेंगाळले तर फट वेळेआधीच जुळते. पोलिओमुळे एक पाय आखूड राहिलेल्या, अपघातात हाडाचा तुकडा गमावलेल्या कितीतरी लोकांना या तंत्राने चालते केले. आपल्या अकोल्यातही या तंत्राचे केंद्र आहे. ही सेवाच आहे.

मग मर्यादा कुठे येते? हाड वाढायला तयार असते. पण त्याच्याभोवतीचे स्नायू, कंडरा, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या तितक्या सहज वाढत नाहीत. म्हणून नडगीचे हाड सुमारे ५ आणि मांडीचे ६ ते ८ सेंटिमीटरपेक्षा जास्त लांबवू नये, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मूळ हाडाच्या १५ ते २० टक्क्यांपुढे गेल्यास धोका झपाट्याने वाढतो. टाच वर ओढली जाते आणि पाऊल नीट टेकत नाही. सांधे आखडतात, पाऊल बधिर होते, जंतुसंसर्ग होतो, नवे हाड कच्चे राहू शकते. मर्यादेच्या आतही हे घडू शकते. ५ सेंटिमीटर म्हणजे दोन इंचही नाहीत. त्यासाठी ५० दिवस हाड ताणायचे आणि पुढे ते घट्ट होईपर्यंत कित्येक महिने जपायचे.

२०१६ मध्ये हैदराबादमधील एका तरुण सॉफ्टवेअर अभियंत्याने घरी न सांगता ही शस्त्रक्रिया करून घेतली. मुलगा बेपत्ता म्हणून शोधणाऱ्या आईवडिलांना तो रुग्णालयात सापडला. प्रकरण राज्याच्या वैद्यकीय परिषदेपर्यंत गेले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्याची उंची साडेपाच फुटांहून अधिक होती, म्हणजे भारतीय पुरुषाच्या सरासरीपेक्षा कमी नव्हती. चीनने तर २००६ मध्येच केवळ सौंदर्यासाठी पाय लांब करण्यावर बंदी घातली.

यावर कोणी म्हणेल, “शरीर माझे, पैसे माझे; यात गैर ते काय? आपण दात सरळ करतोच ना?” हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. शरीरात बदल करणे हे मुळातच वाईट आहे, असे आपणही म्हणत नाही. फरक वेगळ्याच ठिकाणी आहे. आखूड पाय दुसऱ्या पायाइतका झाला की उपचार संपतो. तिथे ‘पुरे’ हा शब्द शरीरच उच्चारते. पण ‘मला त्याच्याइतके उंच व्हायचे आहे’ म्हटले की, तो ‘त्याच्या’ कधीच संपत नाही. दोन इंच वाढले, तरी दोन इंचांनी उंच असा कोणीतरी शेजारी उभा असतोच. शरीराची मर्यादा मिलिमीटरमध्ये मोजता येते. तुलनेला मोजपट्टीच नाही. म्हणून सुरक्षित मर्यादा डॉक्टर सांगू शकतील. पण ‘पुरे’ त्यांना सांगता येणार नाही. ते आपल्यालाच म्हणावे लागते.

बेंगळुरूपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर श्रवणबेळगोळ येथे बाहुबलीची ५७ फुटी मूर्ती आहे. तिच्या पायाशी मराठीतला एक फार जुना शिलालेख आहे, म्हणून आपल्याला ती विशेष जवळची. जैन परंपरेतील एक कथा सांगते की, बाहुबली वर्षभर उभे राहून तप करत होते. अंगावर वेली चढल्या, तरी ज्ञान होईना. आपल्याआधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, हे मनाला रुचत नव्हते. तेव्हा बहिणी ब्राह्मी आणि सुंदरी येऊन म्हणाल्या, “दादा, हत्तीवरून खाली उतर.” हत्ती तर कुठेच नव्हता! तो मोठेपणाचा होता. हे उमगून वंदनासाठी पाऊल उचलले, त्याच क्षणी ज्ञान झाले. ‘मी मोठा’ हा जसा हत्ती आहे, तसाच ‘मी छोटा’ हाही. दोन्ही तुलनेतूनच जन्मतात.

पण ही कथा त्या दुखावलेल्या तरुणाला ऐकवून मोकळे होणे, हा अन्याय ठरेल. त्याच्या मनात ही मोजपट्टी कोणी ठेवली? वर्गात ‘गिड्डा’, ‘बुटक्या’ म्हणून हसलो ते आपण. स्थळाच्या बायोडेटात नावानंतर उंचीचा रकाना पाहतो तेही आपणच. सकाळी ‘मी शरीर नाही’ असे चिंतन करायचे आणि संध्याकाळी ‘मुलगा चांगला आहे, पण उंचीला कमी पडतो’ म्हणायचे, हे जुळत नाही. शब्दांनी होणारी हिंसाही हिंसाच. आपल्या साधनेची खरी परीक्षा इथे आहे.

घरातला कोणी हा विचार बोलून दाखवील, तेव्हा हसू नये, रागावू नये. त्याच्याजवळ बसून तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. हे घरच्यांपासून लपवावेसे वाटते का? उंची वाढल्यावर जे मिळेल असे वाटते, ते खरोखर उंचीमुळेच अडले आहे का? आणि उद्या पाऊल पूर्वीसारखे टेकले नाही, तरी हा निर्णय योग्यच वाटेल का? मनाची बेचैनी फार असेल, तर समुपदेशकाची मदत घ्यावी. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिचे देशभरातले काम पाहते. तेथे बोलणे म्हणजे कमीपणा नव्हे.

हे सगळे करूनही कोणी विचारपूर्वक शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला, तर त्याला दूर लोटू नये. त्या ५० दिवसांत आणि पुढच्या महिन्यांत त्याला आपल्या खांद्याची गरज लागेल. आपण मात्र आजपासून एवढे करू शकतो. माणसाला भेटताना त्याची उंची मोजणे थांबवू या.