दोनदा मारला की लागतोय

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही गॅरेजसमोर सकाळी थोडा वेळ उभं राहावं. एक वाक्य हमखास कानावर पडतं, "मिस्त्री, ब्रेक जरा खाली जातोय, पण दोनदा मारला की लागतोय की!" सांगणाऱ्याच्या आवाजात तक्रार कमी असते, आपण आपल्यापुरता उपाय काढल्याचं समाधान जास्त. मुरलेला मिस्त्री हे ऐकून बॉनेट उघडत नाही. आधी स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसतो आणि पेडलवर पाय ठेवतो.

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर नळीतलं ब्रेक ऑइल पुढे ढकलतो आणि चाकाशी पॅड किंवा लायनर सरकतात. द्रव दाबून आकसत नाही, एवढ्या एका गुणावर ही सगळी मदार. तेव्हा पेडल खोल जात असेल तर लायनर ड्रमपासून लांब राहिला असेल, ऑइलमध्ये हवा शिरली असेल किंवा ऑइल कुठून तरी निसटत असेल. (इंजिन सुरू करताना दाबून धरलेलं पेडल किंचित खाली बसतं, तो दोष नव्हे. बूस्टर काम करतोय, एवढाच त्याचा अर्थ.)

दोनदा मारल्यावर पेडल वर येऊन घट्ट लागत असेल, तर संशय मागच्या ड्रमवर जातो. पहिल्या दाबात लायनर जवळ आला, तो मागे फिरायच्या आत दुसरा दाब बसला. खात्री करायला साधी युक्ती आहे. सपाट जागी गाडी उभी करून हँडब्रेक चार-सहा दाती ओढायचा आणि मग पेडल दाबायचं. आता ते वरच लागलं, तर बहुधा मागचे अ‍ॅडजस्टर पावसाच्या पाण्याने आणि चिखलाने गंजून जाम झाले आहेत. साफ करून, फिरवून काम भागतं. मास्टर सिलिंडर बदलायचा खर्च वाचतो.

पेडल स्पंजासारखं लागलं, तर एअर काढायची. एक जण सीटवर, दुसरा चाकाशी निपलवर, आणि "मार, मार, धर!" अशी हाळी. निपल घट्ट केल्याशिवाय पाय सोडायचा नाही, आणि मास्टर सिलिंडरवरच्या बाटलीतलं ऑइल तळाला जाऊ द्यायचं नाही. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत आपटतात ते मात्र चूक. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात रबरी वॉशर एरवी पोचत नाही, तिथे गंज साचलेला असतो. वॉशर तिथे घासला की फाटतो, आणि एका दुखण्याची दोन होतात.

मला विचारात पाडते ती मिस्त्रीची पुढची परीक्षा. तो पेडलवर हलकाच पाय ठेवतो आणि अर्धा मिनिट तसाच बसून राहतो. पेडल मुंगीच्या पावलांनी खाली जाऊ लागतं. चाकांच्या आतल्या बाजूला कुठे ओल नाही, बाटलीतली पातळीही उतरलेली नाही, तरी पाय खाली चाललाय. मास्टर सिलिंडरच्या आतला वॉशर झिजला आहे आणि ऑइल त्याच्या कडेनं मागच्या मागे परततंय. मौज अशी की, जोरात लाथ मारली तर दाबानंच वॉशरची कड भिंतीला चिकटते आणि ब्रेक पुष्कळदा नीट लागतो. हलक्या दाबात ती कड ढिली राहते. म्हणून मालक तावातावानं पेडल आपटून "बघा की, लागतोय!" म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. फक्त दोष दिसेल अशा रीतीनं बघत नसतो.

आपणही बहुतेक गोष्टी आपटूनच पारखतो. 2019 आणि 2021 च्या महापुरात पेठापेठांतली तरुण मंडळं कमरेइतक्या पाण्यात उतरली, घराघरांतून भाकरी गेल्या. त्या जोराच्या दाबाला हे शहर ठाम उभं राहिलं, याचा अभिमान खराच आहे. पण जयंती नाल्याचं सांडपाणी पंचगंगेत मिसळणं हा वर्षानुवर्षांचा हलका, न थांबणारा दाब आहे, आणि त्याखाली आपण किती खाली गेलो हे बघायला कुणी अर्धा मिनिट बसत नाही. घरातही तेच. आजारपणात रात्र रात्र जागणारा माणूस भक्कम म्हणून आपण निर्धास्त असतो. रोजच्या साध्या कामाच्या ओझ्याखाली तो कधी खचत गेला, ते लक्षात येत नाही.

वडाप, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाड्या, चालवणाऱ्यांना तर पेडल दोनदा मारायच्या या पंपिंगची सवयच जडलेली दिसते. सपाट रस्त्यावर ते निभावतंही. पण गगनबावड्याच्या पुढे करूळ किंवा भुईबावडा घाट उतरताना दुसऱ्यांदा पाय मारायला वेळ मिळेलच असं नाही. त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं कोरं डॉट 4 ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ती मर्यादा 155 च्या आसपास येऊ शकते. सतत ब्रेकवर गाडी उतरवली की ऑइलची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतात ते याचसाठी. घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा तोही याचसाठी.

आजच्या मोटारींत ब्रेकच्या दोन वेगळ्या वाटा असतात. एक गेली तरी दुसरी उरते, मात्र पेडल बरंच खोल जातं. म्हणजे अचानक खोल गेलेलं पेडल ही निम्मा ब्रेक गेल्याचीही खूण असू शकते.

तेव्हा कोकणात उतरायचं असेल, तर निघण्याआधी दारातच इंजिन सुरू ठेवून पेडलवर हलका पाय ठेवा आणि अर्धा मिनिट धरून बघा. खाली जात राहिलं तर घाटाचा बेत रद्द करा. आणि गाडी हाकत गॅरेजला नेऊ नका, मिस्त्रीलाच घरी बोलवा.