ऐकून घेण्याचे ऋण

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. सरकारी नोकर मात्र ती पायरी हमखास चढतो, अशी सर्वसामान्य माणसाची तक्रार असते. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातला एक प्रसंग कल्पून पाहू. वडिलांच्या निधनानंतर वारसांची नावे सातबाऱ्यावर लावून घेण्यासाठी एखादा शेतकरी महिनोनमहिने हेलपाटे घालतो. पैसे मागितल्याची तक्रार होते, संबंधित सेवक निलंबित होतो आणि गावाला हायसे वाटते. काही काळाने बातमी येते, की तो ‘मॅट’मध्ये गेला, आदेश रद्द झाला आणि स्वारी पुन्हा खुर्चीवर बसली. त्या वेळी शेतकऱ्याच्या मनात एकच प्रश्न उठतो: ज्याने माझे कधी ऐकले नाही, त्याचे इतके कान देऊन ऐकण्याचे कारण काय?

प्रश्न रागातून आलेला असला, तरी तो नीतीचा प्रश्न आहे. त्याला ‘कायदाच तसा आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. कायदा तसा का आहे, हे पाहिले पाहिजे.

एके काळी राज्याची नोकरी म्हणजे राजाची मर्जी असे. इंग्रजी अंमलात सरकारी नोकर राजमुकुटाची मर्जी असेतोवरच नोकरीत राही. जिंतूरचा मुलूख तर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मर्जी फिरणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला समजावून सांगावे लागत नाही. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने ३१० व्या अनुच्छेदात ‘मर्जी’ ठेवली खरी, पण लगेच पुढच्या ३११ व्या अनुच्छेदाने तिला वेसण घातली. नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला सेवकास बडतर्फ करता येणार नाही. तसेच आरोप काय आहेत ते कळवून, बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्यावाचून त्याला बडतर्फ करता येणार नाही, सेवेतून काढता येणार नाही की खालच्या पदावर आणता येणार नाही. याला मोजकेच अपवाद आहेत.

महाराष्ट्रात या तत्त्वाला १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनी रूप दिले. दोषारोपपत्र, लेखी बचाव, साक्षीपुरावा, चौकशी अहवाल, शिक्षेचा आदेश आणि मग वरिष्ठाकडे अपील, असा तो क्रम आहे. त्यानंतरचे दार महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे. १९८५ च्या केंद्रीय कायद्यान्वये ते १९९१ साली सुरू झाले. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे त्याचे काम चालते. जिंतूरच्या राज्य सरकारी सेवकाला मंठा आणि जालना मागे टाकून तेथवर जावे लागते. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण जणू कायदा करणाऱ्यांच्याही कानी होती. वरिष्ठाने सहा महिन्यांत अपिलाचा निकाल दिला नाही, तरी न्यायाधिकरणाकडे जाता येते, अशी तरतूद त्या कायद्यातच आहे.

ही झाली व्यवस्था. तिच्यामागचा विचार फार जुना आहे आणि आपल्याला तो परका नाही. १७२३ साली इंग्लंडमध्ये डॉ. बेंटली या विद्वानाचा खटला गाजला. केंब्रिज विद्यापीठाने त्यांचे म्हणणे न ऐकता त्यांच्या पदव्या काढून घेतल्या होत्या. न्यायालयाने त्या परत देण्याचा हुकूम केला. त्या वेळी न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी दाखला दिला तो एदेन बागेचा. आदामाला बोलावून विचारल्यावाचून परमेश्वरानेही त्याला शिक्षा सुनावली नाही, असे ते म्हणाले. नैसर्गिक न्यायाच्या चर्चेत हा दाखला आजही निघतो.

या दाखल्यावर क्षणभर थांबले पाहिजे. परमेश्वर सर्वज्ञ, आदाम कोठे लपला आहे आणि त्याने काय केले आहे, हे त्याला ठाऊक होते. तरीही तो विचारतो. म्हणजे ऐकून घेणे हे केवळ माहिती मिळवण्याचे साधन नव्हे. आदामाचा बचावही लंगडाच आहे. तो एवेकडे बोट दाखवतो. तरी तो ऐकला जातो. अपराध केला म्हणून माणूस उत्तर देणारा जीव उरत नाही, असे होत नाही. त्याला न विचारता फेकून देणे म्हणजे त्याला वस्तू मानणे होय. ऐकून घेणे हे निरपराध्याला दिलेले बक्षीस नाही. माणसाने माणसाचे देणे लागणारे ते ऋण आहे. योहानच्या शुभवर्तमानात निकदेम आपल्या सहकारी परुश्यांना हीच आठवण करून देतो आणि त्याबद्दल त्यांचा टोमणा सोसतो.

शिक्षा सुनावल्यावरही परमेश्वराने त्या दोघांना वस्त्रे दिली, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. निलंबित सेवकाला निर्वाहभत्ता का द्यायचा, या प्रश्नाचे उत्तर तेथे सापडते. रेवा येथे राहणाऱ्या एका वनक्षेत्रपालाची चौकशी सुमारे पाचशे किलोमीटर दूर जगदलपूरला चालली. हाती निर्वाहभत्ता नसल्याने तो जाऊ शकला नाही. बाजू मांडण्याची खरी संधीच त्याला मिळाली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ठरवले. महाराष्ट्राच्या नियमांत तर असे कलम होते, की निलंबित सेवकास फौजदारी न्यायालयात शिक्षा झाली, तर अपील चालू असतानाही त्याचा भत्ता महिना एक रुपयावर आणावा. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्दबातल केले. एका रुपयात माणूस जगणार कसा आणि अपील लढणार कसे? शिवाय त्याच्या ताटावर बायको-मुलेही जेवायला असतात. त्यांच्यावर कोणते दोषारोपपत्र बजावलेले असते?

पण मग आपला शेतकरी? त्याला आपण विसरलो तर हा सारा विचार एकांगी ठरेल. आपण ज्याला आदेशातील ‘तांत्रिक चूक’ म्हणतो, ती पुष्कळदा शिक्षा देणाऱ्याचा आळस असते. आरोप मोघम लिहिलेले असतात, कागदपत्रांच्या प्रती दिलेल्या नसतात, बचावाला उत्तर न देता दोन ओळींत आदेश उरकलेला असतो. न्यायालये अपराध्यांना सर्रास सोडतात, हा समजही पूर्ण खरा नाही. चौकशी अहवालाची प्रत सेवकाला मिळालीच पाहिजे, असे १९९३ मध्ये ठरले. पण प्रत दिली नाही एवढ्यावरून तो आपोआप सुटत नाही. त्यामुळे त्याच्या बचावाचे खरोखर नुकसान झाले का, हे पाहावे, असेही त्याच निकालात सांगितले आहे. शिक्षा मनाला धक्का देण्याइतकी विषम असल्याखेरीज न्यायाधिकरणाने तिच्यात हात घालू नये, हे १९९५ पासून स्पष्ट आहे. नीट ऐकून, कारणे देऊन लिहिलेला आदेश टिकतो. रागाच्या भरात लिहिलेला कोसळतो. म्हणून सेवकाचे नीट ऐकणे हे अंती शेतकऱ्याच्याही हिताचे आहे.

विलंबाचे मात्र समर्थन करता येत नाही. वर्षानुवर्षे निलंबित राहिलेला सेवक निर्दोष असेल, तर त्याचे आयुष्य झिजते; दोषी असेल, तर काम न करता सरकारी पैसा खातो. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही, तर निलंबन पुढे चालवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले आणि २०१९ मध्ये राज्य शासनानेही तसा निर्णय काढला. ऐकून घेण्याचे ऋण वेळेवर फेडले नाही, तर त्याचे व्याज दोन्ही घरे भरतात.

नोकरी मिळवताना हीच गोष्ट अधिक नाजूक होते. निवड झालेल्या तरुणावर कधी काळी आंदोलनात घोषणा दिल्याचा खटला होता आणि त्याने तो अर्जात लिहिला नाही, एवढ्यावरून त्याचे दार कायमचे बंद करावे का? अपराध क्षुल्लक आहे की गंभीर, वय काय होते, हे तोलून अधिकाऱ्याने ठरवावे, असा २०१६ चा निकाल आहे. पण येथे आणखी एक माणूस असतो. गुणवत्ता यादीत खाली राहिलेला तो उमेदवार न्यायालयात आलेला नसतो, त्याचा वकील नसतो. जाहिरात आणि स्पर्धा टाळून झालेल्या नेमणुका केवळ दीर्घ सेवेमुळे कायम करता येत नाहीत, असे २००६ मध्ये घटनापीठाने सांगितले, ते अशा अनुपस्थित माणसाकडे पाहून. समोर उभ्या असलेल्याची दया येणे सोपे असते. न दिसणाऱ्यालाही न्याय देणे कठीण.

हे सारे सरकारचेच प्रश्न आहेत, असे समजून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे शिक्षकी पेशावर उभी राहिली. आपल्या शाळा, इस्पितळे, पतपेढ्या इतरांना नोकऱ्या देतात. खासगी शाळांतील सेवकांसाठी १९७७ चा कायदा आणि शाळा न्यायाधिकरण आहे. पण तेथे जाण्याची पाळी का यावी? एखाद्या शिक्षिकेविरुद्ध तक्रार आली, की समितीच्या बैठकीआधीच तिचा निकाल चहाच्या टेबलावर लागतो. आपल्या हाती कधी तो आदेश लिहिण्याची वेळ आली, तर लेखणी उचलण्यापूर्वी तिला समोर बसवावे, तिच्यावरचा आरोप स्पष्ट शब्दांत सांगावा आणि तिचे उत्तर शेवटपर्यंत ऐकावे. ते लंगडे असले, तरी ऐकावे. मग निर्णय द्यावा आणि त्याची कारणे लिहावीत.

आणि ती शिक्षिका निर्दोष ठरून परत आली, तर तिच्यासाठी शिक्षकांच्या खोलीतली खुर्ची पुढे ओढण्याचे काम कोणतेही न्यायाधिकरण करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.