स्वभावाचे गुण

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सारे मिळून समुद्रकाठच्या एका हॉटेलात दोन दिवस जाऊन राहिलो. घरात फराळाचे डबे भरलेले असताना बाहेर जाऊन जेवायचे, ही कल्पना आमच्या सौभाग्यवतींना फारशी मानवली नव्हती. परंतु मुलगा, सून आणि नात या तिघांच्या सुट्या एकदम जुळण्याचा योग वर्षातून एखादाच. तेव्हा चकल्यांचा एक डबा पिशवीत टाकून त्यांनी संमती दिली.

निघायच्या दिवशी बिल चुकते करताना टेबलामागच्या मुलीने पाटीएवढा एक पडदा आमच्यापुढे धरला. खोली स्वच्छ होती का? जेवण वेळेवर आले का? नोकरवर्ग हसतमुख होता का? प्रत्येक प्रश्नापुढे पाच चांदण्या. आमच्या नातीला असली कामे फार प्रिय. तिने बोट उगारले आणि मला विचारले, "आजोबा, हसण्याला किती द्यायच्या?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर सुचेना. पडद्यापलीकडे ती मुलगी हसत उभी होती आणि आमच्या बोटाकडे आपले लक्ष नाही असे दाखवीत होती. मला एकदम तीस वर्षांपूर्वीचा एक धुलाईखाना आठवला. त्याची हकीकत मी आजवर कोणाला सांगितली नाही, कारण तीत माझी शोभा नाही.

१९९४ साली मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवीत होतो. माणसाचा स्वभाव मोजता येतो की नाही, हा वाद त्या सुमारास पुष्कळसा निवळला होता. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघा अमेरिकन पंडितांनी इंग्रजी कोशातून माणसाचे वर्णन करणारे जवळजवळ अठरा हजार शब्द वेचून काढले होते. (आपल्याकडे कोणी हा उद्योग केला असता तर तुसडा, खवचट, लाघवी, घुम्या, आतल्या गाठीचा, असे करता करता नुसत्या सासुरवाशिणींच्या ओव्यांतूनच अर्धा कोश भरला असता!) पुढच्या लोकांनी त्या ढिगाची चाळणी करीत पाच मुख्य गुण ठरविले: नव्याविषयी कुतूहल, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि मनाचे स्थैर्य. १९९१ साली बॅरिक आणि माउंट यांनी ११७ अभ्यास एकत्र करून पाहिले की, यांतल्या कोणत्या गुणाचा कामाशी संबंध आहे. सगळ्या धंद्यांत टिकून राहिली ती एकटी कर्तव्यदक्षता. बोलकेपणा कामी आला तो विक्रेत्यांच्या आणि व्यवस्थापकांच्या. सौजन्याच्या वाट्याला मात्र जवळपास काहीच आले नाही. पाहुण्यांच्या सरबराईचा धंदा तर सौजन्यावर चालतो असे आपण समजतो. तेव्हा तिथे काय दिसते ते पाहावे, असे मी ठरविले. सह्याद्रीतल्या एका थंड हवेच्या ठिकाणी एका बऱ्यापैकी हॉटेलाच्या मालकांनी परवानगी दिली आणि मी प्रश्नपत्रिका घेऊन तिथे जाऊन बसलो.

प्रश्नपत्रिका मूळची इंग्रजी. मराठी मी केली होती. "मेजवानीत मी अनोळखी माणसांशी आपण होऊन बोलतो," अशा अर्थाचे एक वाक्य तीत होते. ते खरे की खोटे, एवढेच सांगायचे. एका वाढप्याने ते दोनदा वाचले आणि मला म्हणाला, "सर, मेजवानीत आम्ही वाढायला असतो. बोलायचे नसते." माझ्या शास्त्राला इतका नेमका अभिप्राय नंतर कोणी दिला नाही. मी 'मेजवानी' खोडून 'लग्नकार्य' केले आणि पुढे गेलो. पुढे गेलो हीच चूक झाली.

खोल्यांच्या मजल्यावर रत्नागिरीकडचा पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ होता. चादरी बदलणे, चहा नेऊन देणे, पाणी तापवून देणे, ही त्याची कामे. त्याला सगळे 'घुम्या' म्हणत, तोंडावरदेखील. तरुण पोरांना अशा प्रश्नांची उत्तरे काय द्यावीत हे बरोबर कळत होते. अनोळखी माणसे आवडतात? हो. राग येतो? कधीच नाही. या गृहस्थाने मात्र प्रत्येक प्रश्नाचा विचार करून खरे ते लिहिले. अनोळखी माणसांशी बोलायला आवडत नाही. कोणी टाकून बोलले की दिवसभर मनात राहते. प्रामाणिकपणे उत्तर देणाऱ्याचे गुण कमी होतात, हा या कसोट्यांचा ठाऊक असलेला दोष. तो मी वर्गात दरवर्षी शिकवीतही असे.

दुसरा दोषही ठाऊक होता. स्वभाव एका बाजूला मांडला, पण 'चांगले काम' दुसऱ्या बाजूला मांडायचे कशावरून? बहुतेक अभ्यासांत ते वरिष्ठांनी दिलेल्या गुणांवरून मांडतात; मीही तेच केले. म्हणजे मॅनेजरांना जो आवडतो तो चांगले काम करणारा, आणि मॅनेजरांना कोण आवडतो, तर हसतमुखाने नमस्कार करणारा. माझे आकडे छान जुळले. इतके छान जुळले की मला शंका यायला हवी होती.

मी त्या सर्वांना शब्द दिला होता की, तुमची उत्तरे तुमच्या साहेबांना कळणार नाहीत. अहवालात मी एकाचेही नाव घातले नाही. फक्त वय, काम आणि नोकरीची वर्षे असे रकाने होते. आता, जिथे माणसेच चाळिसाच्या आत, तिथे मजल्यावर काम करणारा, पन्नाशीपुढचा, सर्वांत जुना नोकर कोण हे ओळखायला मानसशास्त्र लागत नाही.

चार-पाच महिन्यांनी अहवालाची बांधलेली प्रत द्यायला गेलो तेव्हा मजल्यावर तो दिसला नाही. चौकशी करता तो मागच्या धुलाईखान्यात असल्याचे कळले. मॅनेजर दुष्ट नव्हते. त्यांनी माझा तक्ता मन लावून वाचला होता. "तुमच्याच आकड्यांवरून केले, सर," ते म्हणाले, "पाहुण्यांसमोर बोलकी माणसे ठेवली." मी थोडा वाद घातला. ०.२२ च्या आसपासचा सहसंबंध म्हणजे काय, ते मी त्यांना समजावू लागलो. त्या ११७ अभ्यासांतल्या कर्तव्यदक्षतेचा आकडा साधारण तेवढाच येतो. त्याचा वर्ग केला तर माणसामाणसांच्या कामातल्या फरकाचे शंभरांतले पाच भागदेखील त्यातून उलगडत नाहीत. बाकीचे पंचाण्णव भाग दुसरीकडेच कुठेतरी असतात. त्यांनी ऐकून घेतले आणि चहा मागविला.

मजल्यावरच्या एका पोराने जाता जाता मला सांगितले की, मुंबईच्या एक वृद्ध बाई दर मे महिन्यात येत आणि त्याचाच मजला मागून घेत. पूर्वी त्या यजमानांबरोबर यायच्या. ते वारले त्या वर्षी टेबलापासून बागेपर्यंत जो तो त्यांना विचारीत होता, साहेब नाही आले? यांनी काही विचारले नाही. सकाळी चहाच्या ताटलीत एकच कप ठेवला.

माझ्या पाच गुणांपैकी हा कोणत्या रकान्यात बसतो, ते मला अजून सांगता येत नाही.

मी धुलाईखान्यात गेलो. वाफ, साबणाचा वास, ओल्या चादरींचे ढीग. त्याने ओल्या बाकावर कोरडा पंचा पसरला आणि मला बसविले. मी विचारले, बरे आहे का? तो म्हणाला, "बरे आहे, सर. इथे हसावे लागत नाही." मग काही वेळाने म्हणाला, "बक्षिशी तेवढी गेली." त्या बक्षिशीतून त्याच्या मुलीची फी जात होती, हे मला आधीच कळले होते. माझ्या तक्त्यामुळे हे घडले, असे मी त्याला सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. पंचाची घडी करून त्याच्या हातात दिली आणि निघालो.

त्यानंतर मी तो विषय सोडला. विषयाने मात्र मला सोडले नाही. १९८३ सालीच आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या परिचारिकांवर एक पुस्तक लिहिले होते. ते मी उशिरा वाचले. त्यांचे म्हणणे असे की, हमाल पाठ विकतो तशी ही मुलगी आपली भावना विकते. कधी वरवर हसते, कधी खरोखरच हसू यावे म्हणून स्वतःच्या मनाला वळण लावते. आणि हे दुसरे अधिक महाग पडते, कारण आपले हसू कोणते आणि पगाराचे कोणते, हा भेदच पुढे कळेनासा होतो. १९९८ साली माउंट, बॅरिक आणि स्टुअर्ट यांनी माणसांशी संबंध येणारी कामे वेगळी काढून तपासली. तिथे मात्र सौजन्य आणि मनाचे स्थैर्य यांचा संबंध कामाशी लागला. त्यातही गिऱ्हाइकाशी बोलण्यापेक्षा चार जणांनी मिळून करायच्या कामात तो जास्त दिसला. तेव्हा स्वभावाला काहीच किंमत नाही, असे मला म्हणता येणार नाही.

माझे शिक्षण पुण्याला सदाशिव पेठेत झाले. तिथे आम्ही ज्या बाईंच्या खानावळीत जेवत असू त्यांना मी चार वर्षांत एकदाही हसताना पाहिले नाही. "भात पुन्हा हवा तर आताच सांगा, मग भांडे उचलीन," हे त्यांचे स्वागताचे भाषण. सौजन्याच्या रकान्यात त्यांना शून्य पडले असते, आणि प्रश्नपत्रिका घेऊन आलेल्याला जिन्यावरूनच परत जावे लागले असते. पण परीक्षेच्या दिवसांत कोणाला उशीर झाला तर त्याचे ताट झाकून ठेवलेले असे, आणि आमटी पुन्हा गरम केलेली असे. ११७ अभ्यासांचा निष्कर्ष त्या बाईंनी आधीच सिद्ध करून ठेवला होता म्हणायचा.

आता दुसरी बाजू. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजमहाल हॉटेलावर हल्ला झाला. नोकरवर्गाला मागच्या वाटा ठाऊक होत्या. पळून जाणे त्यांना सोपे होते. पाहुण्यांना बाहेर काढण्यासाठी ते थांबले, आणि त्यांतले अकरा जण गेले. कोणत्याही नियमात हे लिहिलेले नव्हते. पुढे २०११ साली रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी 'हार्वर्ड बिझिनेस रिव्ह्यू'त या वागण्याचे मूळ शोधणारा लेख लिहिला. ही मंडळी नोकर निवडताना मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांकडे वळतात, आणि मुख्यत्वे तीन गोष्टी पाहतात, असे त्यांनी नोंदविले: वडीलधाऱ्यांविषयी आदर, आनंदी वृत्ती आणि गरज. घरच्यांना या पगाराची किती निकड आहे, ती गरज.

हा लेख वाचताना माझे डोळे भरून आले, आणि त्या तिसऱ्या शब्दाशी येऊन मी थबकलो. आदर हा गुण आहे, आनंदी वृत्ती हाही गुण आहे. गरज हा गुण कसा? ती तर माणसावर आलेली वेळ. ज्या घरात पगारावाचून चूल पेटत नाही तिथला मुलगा नम्र असतो, हे खरे असेल. पण त्या नम्रतेचे श्रेय स्वभावाला द्यायचे की उपाशी पोटाला? उलट कोणी म्हणेल, ज्याला गरज आहे त्यालाच नोकरी देणे हा तर धर्मच झाला. तेही खरे. बक्षिशी गेल्यावर माझ्या रत्नागिरीच्या गृहस्थाला गरज होतीच की! ती मोजायचे कोणाला सुचले नाही. आणि त्या रात्री जे थांबले त्यांच्याविषयी मला एवढेच वाटते की, त्यांचे थांबणे कोणत्याही निवडीच्या तक्त्यातून पुरते निघणार नाही. तसे ते निघाले, तर ते त्यांचे राहणार नाही.

मी स्वतःपुरते असे ठरविले होते: मालकाने वागणूक मागावी, स्वभाव मागू नये. वेळेवर ये, चादर स्वच्छ घाल, पाहुण्याला टाकून बोलू नकोस; हे मागण्याचा त्याला हक्क आहे, हे शिकविता येते, याचा पगार देता येतो. मनात काय वाटते ते त्या माणसाचे. ही रेघ मला बरीच वर्षे पुरली. अलीकडे ती पुसट झाल्यासारखी वाटते. रोज आठ तास हसणारी मुलगी घरी जाऊन कोणाचा चेहरा लावत असेल? आणि आमच्या सौभाग्यवती आल्यागेल्याला पन्नास वर्षे हसून चहा देत आल्या, त्यांना तरी मी कधी विचारले?

तर, त्या पडद्याशी मी असा उभा होतो. आजोबांच्या उत्तराची वाट पाहण्याइतका धीर आमच्या नातीजवळ नसतो. मी भानावर आलो तेव्हा तिने सगळीकडे पाचपाच चांदण्या देऊन टाकल्या होत्या आणि ती चकल्यांच्या डब्याकडे वळली होती.

"का ग, पाच कशाबद्दल?" मी विचारले.

"त्या ताईने माझी चप्पल शोधून दिली. वाळूत गेली होती ना काल. अंधारात किती वेळ शोधत होती."

"तेव्हा ती हसत होती का ग?"

नातीने चकलीचा तुकडा मोडला. "आठवत नाही," ती म्हणाली.