तिसऱ्याच सिलिंडरचं प्रारब्ध

तीन सिलिंडरच्या इंजिनात एकाच सिलिंडरचा प्लग पुन्हा पुन्हा काळा पडत असेल, तर कार्बोरेटरला हात लावायचा नाही, हे गॅरेजातल्या पोरांना मी पहिल्या आठवड्यातच सांगतो. कार्बोरेटर तिघांत मिळून एक. एअर फिल्टर एक, पेट्रोल एक, चेंबरमधलं ऑइलही एकच. खोट तिथं असती तर तिन्ही प्लग काळे निघाले असते.

संस्कृत घेऊन बी.ए. झालो आणि मिरजेत वडिलांच्या गॅरेजात बसलो, त्यामुळे हा नियम मला न्यायशास्त्रकार अन्नंभट्टाच्या भाषेत सुचतो. न्यायशास्त्र ईश्वर, काल, दिक्, अदृष्ट (पूर्वकर्मांचा न दिसणारा ठेवा) यांना प्रत्येक कार्याचं साधारण कारण मानतं. घडा होवो नाहीतर फुटो, ही मंडळी हजर असतातच. पण म्हणूनच, हा घडा कशानं झाला असं विचारलं तर नैयायिक त्यांच्याकडे बोट दाखवून गप्प बसत नाही. तो चाक, दंड, कुंभार असं त्या घड्यापुरतं कारण शोधतो. शिवाय माती वाहून आणणारं गाढव घडा होण्याआधी तिथं होतं, एवढ्यावरून त्याला कारणांत बसवायचं नाही, हेही बजावतो.

आमच्या भागातल्या एका कीर्तनकार बुवांच्या जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीत हे गाढव म्हणजे प्लगच होता. दर वेळी तोच काळा निघे, दर वेळी तोच बदलला जाई. आधीच्या एका गॅरेजवाल्यानं तर तिसऱ्या सिलिंडरला मुद्दाम गरम जातीचा प्लग बसवला होता. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं की काजळी आपोआप जळते, हे खरं. पण त्यानं काजळी येण्याचं थांबत नाही, आणि टोक फारच तापलं तर ठिणगीआधीच पेट्रोल पेट घेतं.

‘‘अहो मिस्त्री, त्या तिसऱ्याचं प्रारब्धच तसं दिसतंय,’’ बुवा म्हणाले. आणि मग जरा थांबून, ‘‘आमच्या घरातही तिसऱ्याचंच.’’ तिघे भाऊ, एक चूल, एकच शाळा. धाकटा तेवढा दारूत गेला.

प्रारब्ध कार्बोरेटरसारखं सामायिक नसतं, ज्याचं त्याचं वेगळं असतं, हे मला कबूल आहे. नैयायिकही अदृष्ट प्रत्येक आत्म्याचं स्वतंत्र मानतात. माझी अडचण पुढं आहे. प्रारब्ध वाईट हे कशावरून? प्लग काळा पडतो यावरून. प्लग काळा का पडतो? प्रारब्ध वाईट म्हणून. याला शास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष आहे. तिसऱ्याचा प्लग मी पहिल्याला लावून बघू शकतो. एका भावाचं प्रारब्ध काढून दुसऱ्याला लावता येत नाही. कर्मसिद्धांत खोटा आहे असं मी म्हणत नाही, तेवढा माझा वकूब नाही. पण त्याचं नाव घेतलं की माणसं बॉनेट बंद करतात, याची मला चीड आहे.

मी प्लगांची अदलाबदल केली. तिसऱ्यातला पहिल्यात जाऊन सुधारला, तपकिरी झाला. पहिल्यातला तिसऱ्यात जाऊन बरबटला. वायर बदलून पाहिली, काळेपणा जागचा हलला नाही. तो कोरडा, मखमली असता तर पेट्रोल जास्त जातंय म्हटलं असतं. हा ओला, चकचकीत होता, म्हणजे ऑइल. कॉम्प्रेशन तिन्हींचं जवळपास सारखं. तेवढ्यानं ऑइल रिंग निर्दोष ठरत नाही, म्हणून धुराची चौकशी केली. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येतो आणि जातो. आंबा घाट पाय सोडून उतरल्यावर पहिल्यांदा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुन्हा भपकारा. चढावर ताण पडतो तेव्हा मात्र काही नाही. रिंग गेलेल्या इंजिनाची तऱ्हा साधारण याच्या उलट. हा व्हॉल्व्ह सीलचा धूर.

हेड न उतरवता सील बदलायची युक्ती बुवांना दाखवली. प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची, पिस्टन हातानं वर आणायचा. दोरी दाबून बसते आणि स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. तिसऱ्याचं सील निघालं ते नखानं दबेना, कडेला तडा गेलेला.

‘‘धाकटा काय करायचा?’’ मी विचारलं. थोरले दोघे शेतीत राहिले. हा हंगामात रात्रपाळीनं उसाचे ट्रक चालवायचा, झोप घालवायला घेऊ लागला. हेच कारण असं मी ठरवणार नाही, ट्रकही गाढव निघू शकेल. पण ट्रक सोडवून बघता येतो. बुवांच्या घरात तसं कुणी बघितलं नव्हतं.

‘‘बरं, पण तिसऱ्याचंच सील आधी का गेलं? तिन्ही एकाच वयाचे ना?’’ बुवांनी मला बरोबर पकडलं.

‘‘ते मला सांगता येत नाही, बुवा. कुणीतरी आधी जाणारच होतं.’’ म्हणून मी सहाही सील बदलली. बिल पाहून बुवा म्हणाले, बिघडलेल्या सिलिंडरची दोनच होती, चार कशाला बदललीत? त्यावर बराच वेळ घासाघीस झाली.