मराठवाड्याचा कान आणि हेवी मेटल

हेवी मेटल या संगीतप्रकाराविषयी आपल्याकडील सुशिक्षित समाजाने असा ग्रह करून घेतला आहे की, हा पाश्चात्त्य तरुणांचा सुखवस्तू धिंगाणा असून, अवर्षणाशी आणि कर्जाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणाऱ्या नांदेड-लातूरच्या मुलुखाशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही. उमेदीच्या वयापासून हे संगीत आस्थेने ऐकत आलेला श्रोता या नात्याने मला हा ग्रह मुळातच चुकीचा वाटतो.

ज्या बर्मिंगहॅममध्ये हे संगीत जन्मास आले, ते कारखान्यांचे आणि मजुरीचे शहर होते. तेथील ‘ब्लॅक सबाथ’ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबायची बोटे नेमकी तीच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने त्या बोटांना टोपणे घडविली, हलक्या तारा चढविल्या, आणि पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या ध्वनिमुद्रिकेतील बऱ्याच गीतांसाठी त्या तारा दीड स्वर उतरवून सैल केल्या. त्यातून जो जड, खर्जातला नाद निघाला, त्याच्याच पायावर या संगीताची पुढील इमारत उभी आहे.

आमच्याकडील हलगीवादक वाजविण्यापूर्वी काटक्या पेटवून त्या आचेवर हलगीचे कातडे धरतो, टिचकी मारून पाहतो, पुन्हा धरतो, आणि कातडे ताणून खणखणू लागले म्हणजेच काठी उचलतो. एक तार सैल करतो, दुसरा कातडे ताणतो. परंतु नाद कानापाशी न थांबता छातीत उतरावा, ही दोघांचीही मनीषा आहे. माळेगावच्या यात्रेत हलगी आणि माहूरच्या गडावर संबळ ऐकून वाढलेल्या माणसाला हे संगीत परके वाटावे, असे मला तरी कारण दिसत नाही.

गोंगाटाचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि वरातीतील डीजे ती राजरोस धाब्यावर बसवितो. पण तो आवाज आजारी माणसाच्या उशाशी त्याच्या मर्जीविरुद्ध येऊन आदळतो. बंद सभागृहात आपखुशीने बसलेल्या श्रोत्यांपुढे चार माणसांनी हातांनी वाजविलेल्या संगीताला त्याच्या पंक्तीस बसविणे हा अन्याय आहे.

माझी खरी तक्रार आपल्याच कलावंतांविषयी आहे. १९८६ पासून मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा संगीत महोत्सव भरू लागला, ‘भयानक मौत’ आणि ‘डेमोनिक रिझरेक्शन’ यांसारखे कसलेले बँड तेथे घडले. तथापि त्यांची गाणी प्रायः इंग्रजीतच राहिली. ज्या गायकीत कंठ इतका खरवडला जातो की इंग्रजालाही शब्द धड उमगत नाहीत, तिच्यासाठी मराठी कशी अपुरी पडावी? ब्राझीलच्या ‘सेपल्टुरा’ने १९९६ च्या ‘रूट्स’ ध्वनिमुद्रिकेसाठी शावान्ते आदिवासींच्या वस्तीत जाऊन त्यांच्यासमवेत ध्वनिमुद्रण केले, आणि ते जगभर ऐकले गेले. अर्थात गाण्याच्या आरंभी चार ठोके हलगीचे पेरून मोकळे होणे मला मंजूर नाही. हलगीची चाल गिटारच्या अंगी भिनली पाहिजे, आणि त्यासाठी पिढीजात वादकाला बिदागी व श्रेयनामावलीत बरोबरीचे स्थान मिळाले पाहिजे. निव्वळ वेगाचे प्रदर्शन तर मला केव्हाच मानवले नाही. या संगीताची थोरवी त्याच्या संथ वजनात आहे.

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांच्या आसपास, भाड्याच्या खोल्यांतून, अपघाताच्या वेळच्या आयोमीच्या वयाची मुले परीक्षेचे दडपण उरावर घेऊन राहतात. त्यांतील कित्येकांच्या कानांत हे संगीत रात्री वाजत असते, आणि पालकांना त्यात बिघडण्याचे लक्षण दिसते. ज्या नांदेडने ‘संगीत शंकर दरबार’सारखा शास्त्रीय संगीताचा महोत्सव आपलासा केला, त्या नांदेडच्या रसिकांना आणि लातूरच्या दयानंद सभागृहात नेमाने जाणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की, वर्षातील एक सायंकाळ या मुलांच्या वाद्यांसाठी मोकळी ठेवावी, आणि स्वतः पुढच्या रांगेत येऊन बसावे.