अभावाची साक्ष

ज्ञानाची प्रतिष्ठा ज्ञात्याच्या पदवीवर अवलंबून असावी की त्याच्या सत्यनिष्ठेवर, या प्रश्नाचा निर्णय वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्यात फार पूर्वीच देऊन ठेवला आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांनाही समानच लागू पडते, असे त्याचे प्रतिपादन आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेला अहवाल वाचताना या औदार्याचे मोल विशेष जाणवते. कारण ९४२ जातींचा तो लेखाजोखा, ३० हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांनी ‘ईबर्ड’ या सार्वजनिक दप्तरात दाखल केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे.

परंतु साक्षीदार आप्त ठरला, तरी त्याने साक्ष कशाची द्यावी? दिसलेल्या पक्ष्याची, एवढे उत्तर पुरत नाही. एखादी जात घटत आहे हे ठरवावयाचे, तर ती जेथे असावयास हवी होती तेथे नव्हती, याचाही पुरावा लागतो. भाट्ट मीमांसकांनी व अद्वैत वेदान्त्यांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, ते मात्र एका अटीवर: वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती पाहिजे. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यावरून घट नाही असे सिद्ध होत नाही. ‘ईबर्ड’वर पक्ष्यांची यादी दाखल करणाऱ्यास किती वेळ पाहिले, किती अंतर चालले आणि ओळखता आलेल्या सर्व जाती तीत नोंदल्या आहेत काय, असे जे विचारले जाते, त्याचे मर्म हेच आहे. त्या शेवटच्या प्रश्नास प्रामाणिक होकार मिळाला, म्हणजे यादीत नसलेले नावही साक्ष देऊ लागते. आणि विजयादशमीस ज्याचे दर्शन उत्तर भारतात शुभ मानतात, तो नीलपंख ओसरत चालला आहे, हे अशा असंख्य याद्या एकत्र आल्या तेव्हाच उमगते.

मनुष्यास दुर्मीळाचा लोभ असतो, आणि कावळा, साळुंकी, पारवा यांची नोंद करणे त्यास निरर्थक वाटते. संपूर्ण यादीचा नियम या लोभास आवर घालतो, आणि जे आहे ते सारे, प्रिय असो वा नसो, समदृष्टीने पाहावयास शिकवतो. निरीक्षकाकडून चुका होतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच असंभाव्य वाटणाऱ्या नोंदींची खातरजमा जाणकार स्वयंसेवक करतात. तथापि आप्तत्वास खरी बाधा येते ती असत्याने. शुद्ध हेतूने झालेली चूक दाखवून देता येते आणि दुरुस्तही करता येते.

सत्यादी यम हे अहिंसेच्या सिद्धीसाठीच आहेत, असे योगसूत्रांवरील व्यासभाष्य सांगते. आपल्या काळातील हिंसा बहुधा हेतुपुरस्सर नसते. माळरान नांगरले जाते, पाणथळ बुजवली जाते, आणि आपण कोणास नाहीसे केले याची दादही आपल्याला नसते. न कळलेल्या हिंसेपासून परावृत्त होणे कोणासही शक्य नाही. सबब, दिसले ते दिसले आणि नाही दिसले ते नाही, अशी निर्लोभ नोंद करणारा सामान्य नागरिक अहिंसेचीच पहिली अट पुरी करीत असतो, आणि त्याचे हे कार्य धर्माच्या कक्षेत मोडते, असे मी मानतो.