उपरं झुडूप



नोव्हेंबरात न्यू जर्सीतल्या जंगलवाटेनं चाललात तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरेल. ओक-मेपल पानं गाळून मोकळे झालेले असतात, पण खालची काही झुडपं अजून हिरवीच. त्यांत पुष्कळदा आशियातून आलेलं अमूर हनीसकल असतं. अशा झुडपांबद्दलच्या १९९९च्या सरकारी आदेशात शब्द आहे 'एलियन'.

हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. इमिग्रेशनच्या कागदांवर तो आपल्यालाही लागला. म्हणूनच ही झुडपं उपटायच्या स्वयंसेवी कामाला जाणं मी दोन वर्षं टाळलं. कुठे जन्मलं यावरून कुणाला हाकलायचं, हे काम बाबासाहेबांच्या लेकरांनी करावं? खरं सांगतो, त्या नकाराचा मला थोडा अभिमानही होता.

मग मी तो आदेश वाचला. नुसतं परकं असणं त्यात पुरत नाही. नुकसान होत असावं किंवा होण्याची शक्यता असावी लागते. जन्मावरून नव्हे, कर्मावरून पारख करा, हे वसलसुत्त तुम्हालाही आठवेल. पण तुलना इथेच अडते. चेतना म्हणजेच कर्म, असं आपण मानतो. झुडपाला कसली चेतना? मल्टिफ्लोरा गुलाब तर १९३०च्या दशकापासून इथल्या मृदसंधारण खात्यानेच कुंपणासाठी लावायला सांगितला होता. आपल्या गावाकडची घाणेरी अमेरिका खंडातूनच शोभेसाठी तिकडे गेली. (नावातच हेटाळणी घालायची आपली सवय जुनीच.) दोषी शोधायला निघालात तर हाती माणसंच लागतात.

नुकसान मात्र खरं आहे. हनीसकल लवकर पालवतं आणि उशिरा गळतं, त्यामुळे खालच्या रानफुलांना ऊन मिळत नाही. त्याच्या लाल फळांत साखर असते, चरबी फार कमी. आणि दक्षिणेच्या लांब प्रवासाला निघालेल्या पक्ष्यांना चरबीच हवी असते. ती देणारं इथलं झुडूप म्हणजे स्पाइसबुश. त्याचीही फळं लालच.

तिसऱ्या वर्षी, सप्टेंबरात, मी गेलो आणि तासाभरात तीन स्पाइसबुश मुळासकट उपटले. लाल फळं दिसली, तेवढंच पाहिलं. शेजारच्या एका वृद्ध बाईंनी पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. मसाल्याचा वास! स्पाइसबुशची पानं फांदीवर एकाआड एक असतात, हनीसकलची समोरासमोर जोडीनं. बाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

माझं शील मोडलं का? विनयात भिक्खूंना वनस्पती तोडायची मनाई आहे. आपलं पहिलं शील प्राण्यांबद्दल आहे, म्हणजे नियमाने मी सुटतो. पण त्या तासात माझं मन कसं होतं? मला मजा येत होती. परक्याला मुळापासून खेचण्याची मजा. आपल्या आजा-पणजाला वेशीबाहेर ठेवणाऱ्यांनाही ती येत असेल का, हा प्रश्न त्या वासाबरोबर डोक्यात शिरला, तो अजून गेलेला नाही.

काम मी सोडलं नाही, सावकाश करतो. आधी पानांची जोडी बघायची, मग एक पान चुरगळायचं, फांदी मोडून गाभा पोकळ आहे का तपासायचं, आणि मगच कात्री. सकाळभरात इतरांची पन्नास झुडपं होतात, माझी जेमतेम दहा. आमचा गटप्रमुख घड्याळाकडे बघतो, पण अजून काही बोललेला नाही.